केराबाईचा उजवा कान

वळसंगच्या सरकारी दवाखान्यात मंगळवार हा पोटुशा बायका तपासायचा वार, आणि त्या दिवशी केराबाई नर्सच्या हाताला आणि तोंडाला उसंत नसायची. हातानं ती बायकांची पोटं तपासायची आणि तोंडानं त्यांच्या सासवांना झोडपायची. हिला दूध का देत नाही, आठवा लागला तरी ही ज्वारीच्या रानात कशी, हिच्या डोळ्यात रक्ताचा टिपूस नाही ते कुणी बघायचं? सासवा खाली मान घालून ऐकून घ्यायच्या. ऐकतील नाहीतर काय करतील? गावातल्या निम्म्या पोरांची नाळ केराबाईनंच कापली होती, आणि उरलेल्या निम्म्यांच्या वेळी ती अजून बदलून आली नव्हती, एवढंच.

तपासायची तिची एक ठरलेली रीत होती. बाईला बाजेवर उताणं निजवायचं, आपण तिच्या उजव्या अंगाला उभं राहायचं आणि छोट्या कर्ण्यासारखी ॲल्युमिनियमची नळी पोटावर टेकवून तिच्या वरच्या तोंडाला उजवा कान लावायचा. असं वाकलं की बाजेवरच्या बाईचं तोंड बरोबर समोर यायचं. आत बाळाचा ठोका लागला की केराबाई हसायची, आणि ती हसली की बाजेवरचीही हसायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. डावा कान तिनं नळीला कधी लावलाच नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातला एक मंगळवार. सकाळी उठली तेव्हाच तिचा उजवा कान दडा बसल्यासारखा झाला होता आणि आत रातकिडा किरकिरत होता. न्हाताना पाणी गेलं असेल, थंडीनं झालं असेल, असं म्हणून तिनं कापसाचा बोळा फिरवला आणि कामाला लागली. दुसऱ्याच्या दुखण्याला डोळ्यांत तेल घालून जपणारी माणसं स्वतःच्या दुखण्यात पक्की अडाणी असतात. केराबाई त्यातलीच.

पहिला नंबर मल्लव्वाचा होता. नववा महिना लागलेली, गोरीगोमटी पोर. बरोबर सासू होती आणि सासरा सिद्धलिंगप्पा बाहेर लिंबाखाली उभा होता. केराबाईनं नळी टेकवली, कान लावला आणि मल्लव्वाकडं बघत ठोक्याची वाट पाहू लागली. ठोका आला नाही. तिनं नळी बोटभर खाली सरकवली, मग वर, मग बेंबीच्या पलीकडं. सगळं पोट धुंडाळलं. आत काही नव्हतं.

"बाळ हललं का गं आज?" तिनं विचारलं.

मल्लव्वा तिच्या तोंडाकडंच बघत होती. ते तोंड अजून हसलं नव्हतं. "काल हललं हुतं," ती चाचरत म्हणाली. "आज... आज न्हाय वाटत."

केराबाई बाहेर आली. "हिला सोलापूरला न्या," ती सिद्धलिंगप्पाला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. बाळाचा ठोका लागत न्हाय."

सासूनं तिथंच ओसरीवर बसकण मारली आणि कानडीत मोठ्यांदा रडू लागली. रस्त्यावर कांद्याचा ट्रक अडवला गेला, मल्लव्वाला ड्रायव्हरच्या शेजारी बसवली, सासू-सासरे पोत्यांवर चढले. केराबाईनं उरलेल्या बायकांना घरी पाठवून दिलं. बावीस वर्षांत असा मंगळवार तिनं मोडला नव्हता. त्या रात्री तिला घास गिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं ते तिघंही परत आले. सिद्धलिंगप्पा एकटाच दवाखान्याच्या अंगणात आला आणि पटका काढून हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, पोर ठणठणीत हाय," तो म्हणाला. "सोलापूरच्या डाक्टरीणबाईनं आमच्या म्हातारीला बी ठोका ऐकवला. घोडा पळल्यावाणी पळतंय म्हनं."

केराबाईनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचंच होतं, त्यात खोट काढायचं कारण नाही.

"डाक्टरीणबाईनं सांगावा दिलाय," सिद्धलिंगप्पा खाली बघत म्हणाला. "म्हनल्या, नर्सबाईला सांगा, आधी सोताचा कान तपासून घ्या. काल आमच्या घरात चूल पेटली न्हाय, बाई."

तो ओरडला असता तर केराबाईनंही आवाज चढवला असता आणि दोघांची मनं मोकळी झाली असती. पण तो ओरडला नाही. पटका डोक्यावर ठेवून निघून गेला.

केराबाईनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि डाव्या कानाला लावलं. टिकटिक ऐकू आली. मग उजव्या कानाला लावलं. काही नाही. तिनं किल्ली दिली, घड्याळ हलवलं, पुन्हा लावलं. रातकिडा तेवढा किरकिरत होता. कान दडला नव्हता. तो गेला होता.

अंगणापलीकडच्या त्यांच्या सरकारी खोलीच्या उंबऱ्यात पावटे सोलत बसलेली प्रेमला हे सगळं बघत होती.

प्रेमला ही केराबाईची एकुलती एक लेक. ती चार वर्षांची असताना बाप गेला, आणि तेव्हापासून केराबाईनं तिला नोकरी करून, बदल्या झेलत, गावोगावच्या सरकारी खोल्यांत वाढवलं. गेल्या वर्षी टेंभुर्णीला दिली. जावई मानसिंग नाक्यावर टायरचं दुकान चालवायचा. सरळ, कमी बोलणारा माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी, या रितीनं प्रेमला आठव्या महिन्यात वळसंगला आली होती आणि आता पंधरा दिवसांवर दिवस आले होते.

या पंधरा दिवसांची केराबाई किती वर्षं वाट बघत होती, हे तिचं तिला ठाऊक. दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं करताना दर वेळी तिच्या मनात यायचं, एक दिवस आपल्या प्रेमीचं करायचंय. तिचं लेकरू पहिल्यांदा आपल्या हातात पडणार, त्याचं पहिलं रडणं पहिल्यांदा आपण ऐकणार. तिनं देवाकडं कधी दागिना मागितला नाही, घर मागितलं नाही. एवढं एक मनाशी बाळगून ठेवलं होतं.

गुरुवारी ती सोलापूरला गेली. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर डॉक्टर वेणीमाधव आराध्ये यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. डॉक्टर वयानं साठीचे, बोलण्यात सावकाश. त्यांनी कानात दिवा घालून बघितलं. मग आपटला की घुमणारा, दोन दातांचा लोखंडी काटा गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला.

"आवाज कुठं येतोय?"

"डावीकडं."

"उजवीकडं काहीच नाही?"

"न्हाय."

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. "मळ नाही, पडदाही चांगला आहे. आतली नस गेली आहे. का जाते ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. कधी सर्दीनंतर, कधी काही कारण नसताना."

"परत येतो का?"

"येतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा येतो. मात्र लगेच हालचाल करावी लागते. तुमचा आज तिसरा दिवस. आजच इथं दाखल व्हा. दहा दिवस इंजेक्शनं, गोळ्या आणि पूर्ण विश्रांती. उठायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जागरण नाही. दोन आठवडे उलटून गेले की मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही."

केराबाई पदराशी चाळा करत बसली. "डॉक्टर, माझ्या लेकीचं पयलं बाळंतपण हाय. तेवढं उरकते आन् येते."

"दिवस कधी आहेत?"

"पंधरा दिवसांनी. पण आधी बी हुईल."

"बाई, तुम्ही स्वतः नर्स आहात. बाळंतपण दुसरी नर्स करील. कान मात्र तुम्हाला दुसऱ्याचा लावता येणार नाही." डॉक्टरांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "माझं ऐका."

तिनं ऐकलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि यानं भागणार नाही हेही दोनदा सांगितलं. परतीच्या एसटीत केराबाई खिडकीशी बसून बोटांवर हिशेब करत होती. दहा दिवस दवाखान्यात काढले तर मागं पाच उरतात. पण पोरं काही पंचांग बघून येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? आपण तिकडं सलाईन लावून पडलेलो आणि इकडं प्रेमीला कळा लागल्या तर? डावा कान शाबूत होता. तेवढ्यावर निभावून नेता येईल. पुढचं पुढं.

घरी आल्यावर प्रेमलानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काय न्हाय गं, मळ हुता. औषध दिलंय."

आता केराबाई रोज सकाळी लेकीला तपासू लागली. डाव्या कानानं ऐकायचं म्हणजे सगळंच उलटं झालं. बाजेचं दुसरं अंग भिंतीला लागलेलं, त्यामुळं त्याच अंगाला उभं राहून डावा कान लावला की तोंड पायांकडं होई. प्रेमलाच्या तोंडाऐवजी तिची पावलं, जोडवी, भिंतीवरचं कॅलेंडर दिसे. डावा कान त्या कामाला नवखा होता आणि उजव्यातला रातकिडा मधेमधे तोंड घालत होता. ठोका सापडेपर्यंत वेळ जाई. सापडला तरी तिचा स्वतःवर विश्वास बसेना. मल्लव्वाच्या वेळी तरी आपण काय कमी मन लावून ऐकलं होतं? म्हणून ती घड्याळ समोर धरून एकदा मोजे, परत मोजे, तिसऱ्यांदा मोजे. उठताना भोवंड आली की बाजेचा खूर धरून उभी राही.

"लागला का गं आई?" प्रेमला पाठीमागून विचारी.

"लागला की."

"मग एवढा येळ?"

"नीट मोजायला नगं व्हय? चल, ऊठ, केस विंचरू."

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात चारच बायका आल्या. एरवी बारा-पंधरा असायच्या. मल्लव्वाला सिद्धलिंगप्पानं तिच्या माहेरी पोचतं केलं होतं. आलेल्या चौघींतली एक तर नळी लावायच्या आधीच म्हणाली, "बाई, ठोका न्हाय लागला तर मला सांगू नगासा, माझ्या मालकाला सांगा." केराबाईनं हसून साजरं केलं. सासवांना झोडपायला मात्र त्या दिवशी तिचं तोंड उघडलं नाही.

रात्री अंथरुणावर पडलं की ती दिवस मोजायची. आज आठवा. आज नववा. दहाव्या दिवशी तिला वाटलं, की उजव्या कानात काहीतरी खुट्ट झालं. ती ताडकन उठून बसली, घड्याळ लावून बघितलं. काही नव्हतं. मग तिनं लेकीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि पुन्हा आडवी झाली.

बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, दारात जीप थांबली. मानसिंग उतरला आणि पाठोपाठ त्याची आई सारजाबाई. सारजाबाई भारदस्त बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि आवाज कधी चढायचा नाही. केराबाई आधी घाबरली, मग हरखली, मग चहाला आधण ठेवायला धावली.

"चहा ऱ्हाऊ द्या, विहीणबाई," सारजाबाई म्हणाली. "बसा जरा. सोलापुरात एक बाळंतपणाचा दवाखाना हाय, आमच्या मानसिंगच्या दोस्ताची वळख हाय तितं. नाव घातलंय. प्रेमलाला न्यायला आलोय."

केराबाईला वाटलं, आपला डावा कानही गेला. "न्यायला? पयलं बाळंतपण माहेरात असतंय, सारजाबाई. आन् हे तर नर्सचं माहेर. असल्या दिवसांत पोर उचलून न्यायची म्हंजी गाव काय म्हणंल?"

"रीत मला बी ठावं हाय."

"कुणी काय सांगितलं का तुमाला? त्या मल्लव्वाचं? आवो, चूक झाली माझी. पर आता मी डाव्या कानानं ऐकते. रोज ऐकते. तीनतीन येळा."

मानसिंग जमिनीकडं बघत राहिला. सारजाबाईला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. "आमी आपनहून न्हाय आलो," ती शेवटी म्हणाली. "सूनबाईनं कार्ड टाकलं, म्हणून आलो."

केराबाईनं मान वळवली. प्रेमला आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, दोन्ही हात पोटावर.

"तू टाकलंस?"

प्रेमलानं मानेनंच हो म्हटलं. मग तिचा बांध फुटला. "मला भ्या वाटतंय गं आई. आधी तू ऐकायचीस तवा तुझं तोंड दिसायचं. तू हसलीस की मला कळायचं, बाळ हाय. आता तू माझ्याकडं पाठ करून ऐकतीस. किती येळ ऐकतीस! उठलीस की तुझं तोंड पांढरं पडल्यालं असतंय. तू लागला म्हणतीस, पर खरं का खोटं, मला कळत न्हाय. तू मला घाबरवायचं न्हाय म्हणून खोटं बोलतीयास, असं वाटतंय. रातभर मी पोटावर हात ठेवून जागी असते."

बाहेर जीपभोवती पोरं जमली होती, त्यांचा गलका तेवढा चालला होता.

केराबाईच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. तुझ्यासाठी गं, तुझ्यासाठी मी दवाखान्यात पडले नाही, माझा कान परत आला असता. एवढं बोलली असती तर प्रेमला पायांवर पडली असती, जीप रिकामी परत गेली असती. पण दिवस भरलेल्या पोरीच्या उरावर असलं ओझं कुणी टाकतं का? बावीस वर्षं ती बायकांना सांगत आली होती, बाळंतपणात बाईचं मन घट्ट पाहिजे, जिच्यावर भरवसा आहे तिच्याकडंच जावं. आता तेच स्वतःच्या लेकीला सांगायची वेळ आली होती. तिनं ते वाक्य गिळलं.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "भ्या वाटत असंल तर तितंच बरं. डॉक्टरीण असती, सगळी सोय असती."

तिनं ट्रंकेतून बाळंतविडा काढला. टोपडी, झबली, दुपटी, लाल काठाची कुंची. सहा महिने एकेक टाका घालून शिवलेलं सगळं. ती ते एकेक घडी घालून पिशवीत भरू लागली. सारजाबाईनं पुढं होऊन दुसरी पिशवी धरली आणि हळूच म्हणाली, "तुमी बी चला, विहीणबाई. लेकीजवळ आई पायजेच की." सारजाबाई मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर केराबाईला निदान राग काढायला जागा मिळाली असती.

तो बाळंतपणाचा दवाखाना स्वच्छ होता, माणसं भली होती. प्रेमलाला खाट मिळाली, डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं छान आहे म्हणून सांगितलं, आणि प्रेमला बारा दिवसांनी पहिल्यांदा मोकळं हसली. ते हसणं केराबाईनं बघितलं. पोरीला बरं वाटलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि ते हसणं दुसऱ्या कुणीतरी आणलं म्हणून काळजात कळही उठली. दोन्ही एकदमच झालं.

मग ती बाहेरच्या बाकावर बसली. नवी पेठ तिथून चालत पंधरा मिनिटांवर होती. रविवार गेला. सोमवारी मानसिंग चहा घेऊन आला आणि म्हणाला, "मामी, आई हितं हाय. तुमी तवर तुमचा कान दाखवून या की. मी रिक्षा आणतो."

"आज कळा लागत्याल," केराबाई म्हणाली. "तिचं तोंड बघितलं मी. आज लागत्यालच. मग जाते."

त्या दिवशी कळा लागल्या नाहीत. दाराबाहेर का होईना, पण आपण इथंच असायला हवं, हे तिनं मनाशी धरलं होतं. माणसाला हातातून निसटत चाललेली गोष्ट शहाणपणानं सोडता येत नाही. शहाणपण त्या बाकावर न बसलेल्यांचं, ते आपण सांगून काय उपयोग?

मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. तो पंधरावा दिवस. प्रेमलाला आत नेताना केराबाई दारापर्यंत गेली. दारात एक तरुण नर्स होती, विशी-बाविशीची, नवी कोरी टोपी घातलेली.

"मी बी नर्स हाय," केराबाई म्हणाली. "बावीस वर्षं झाली. आत येऊ का? मी मधी येणार न्हाय, नुसती उशाला उभी ऱ्हाते."

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, आजी," ती पोरगी म्हणाली. उर्मट नव्हती, घाईत होती. दार लागलं.

केराबाई वाद घालत बसली नाही. वळसंगच्या दवाखान्यात तिनं अशाच शंभर आया दाराबाहेर काढल्या होत्या, आणि त्याही हेच म्हणायच्या, नुसती उशाला उभी राहते. त्या आया बाहेर काय करत बसत असतील, याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

दुपारचे तीन वाजत आले. बाकाच्या एका टोकाला केराबाई, दुसऱ्या टोकाला सारजाबाई, मधे डब्याची पिशवी. मानसिंग जिन्यात येरझाऱ्या घालत होता. केराबाई मनातल्या मनात आतलं सगळं बघत होती. आता पाणी गेलं असेल. आता डोकं टेकलं असेल. आता तिला दम धर म्हणायला पाहिजे, पोरी, आत्ता जोर लावू नको. तिचे हात मांडीवर आपोआप हलत होते.

एकाएकी सारजाबाई उठून उभी राहिली. "रडलं!" ती ओरडली. मानसिंग जिन्यातून धावत आला. "रडलं! ऐकलं का विहीणबाई, रडलं की वो!"

केराबाईनं ऐकलं नव्हतं. दार तिच्या उजव्या हाताला होतं. तिनं झटकन मान फिरवून डावा कान दाराकडं केला, श्वास धरला. पण तोवर कुणीतरी बाळाला छातीशी घेतलं असावं. आत सगळं शांत झालं होतं. गावातल्या कितीतरी लेकरांचं पहिलं रडणं तिनं ऐकलं होतं. ज्यांची नावंही तिला आता आठवत नव्हती, त्यांचंसुद्धा. एवढं एकच राहून गेलं.

"ऐकलं का न्हाय?" सारजाबाईनं आनंदानं तिचे दोन्ही खांदे धरून हलवले.

"ऐकलं," केराबाई म्हणाली.

मुलगी झाली होती. साडेसहा पौंड, काळ्याभोर जावळाची. प्रेमला दमली होती, पण तोंडावर तेज होतं. तिनं आईचा हात धरला आणि डोळे मिटून पडून राहिली. सारजाबाईनं नातीच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. मानसिंग साऱ्या दवाखान्याला पेढे वाटत सुटला. सगळं कसं व्हायला हवं तसंच झालं होतं. तक्रार कुणाबद्दल आणि कुणापाशी करायची?

बुधवारी सकाळी केराबाई नवी पेठेत गेली. दुकानं नुकतीच उघडत होती. माडीचा जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागलं.

डॉक्टर आराध्यांनी तिला ओळखलं. काही न विचारता त्यांनी कानात दिवा घालून बघितलं, काटा आपटला, उजव्या कानाशी धरला, कानामागच्या हाडावर टेकवला, कपाळावर टेकवला. प्रत्येक वेळी तिच्याकडं बघितलं आणि प्रत्येक वेळी तिनं, उजवीकडं काही नाही, अशी मान हलवली. मग त्यांनी काटा कापडात गुंडाळून पेटीत ठेवला.

"आज सोळा दिवस झाले," ते म्हणाले. "मी तुम्हाला खोटी आशा दाखवत नाही, बाई. औषध देतो, पण कान परत येईल असं मला वाटत नाही."

"मला ठावं हाय."

डॉक्टरांनी पेटी बंद केली. "झालं का लेकीचं बाळंतपण?"

"झालं काल. मुलगी झाली."

"दोघी सुखरूप?"

"सुखरूप हायत."

"तुम्हीच केलंत?"

केराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. सरकारी वहीत तिनं बावीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता. साहेब लोक लिही म्हणाले तरी लिहिला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "मीच केलं." आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबवेना. "सकाळी कळा लागल्या. पोर घाबरली हुती, मी म्हनलं, माझ्याकडं बघ, दम धर. लई गुणाची पोर, लगीच ऐकलं तिनं. तीन वाजता डोकं आलं. ह्या माझ्या हातात आली बगा नात. नाळ मीच कापली. आन् रडली म्हंजी काय, अख्खा दवाखाना दणाणला. पयलं रडणं मीच ऐकलं, डॉक्टर. सगळ्यांच्या आधी मी ऐकलं."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. बाईनं ऐकलं नाही म्हणून तेरा दिवस त्यांच्या मनाला लागून राहिलं असावं. आता त्यांना जरा हलकं वाटलं.

"मग कान कारणी लागला म्हणायचा, बाई," ते म्हणाले.

"व्हय," केराबाई म्हणाली. आणि तिथंच, त्यांच्या टेबलावर डोकं टेकून, ती हुंदके देऊन रडू लागली.

डॉक्टरांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यांना वाटलं, ती कानासाठी रडते आहे.